टाक्या, क्रॉस, टेकडी

नागपूरच्या कुठल्याही बाईला मी पहिल्याच भेटीत तिचं वजन विचारलं असतं, तर तिने मला जन्मात पुन्हा दारात उभं केलं नसतं. इथे अलास्कात मी रोज सकाळी सात-आठ जणांना तेच विचारते आणि कोणालाही त्यात काही वाटत नाही. "जॅकेट आणि बूट धरून सांगा," एवढं वर बजावते. सहा सीटांचं, एका इंजिनाचं विमान. त्यात माणसं, टपालाच्या गोण्या, डायपरची खोकी, कोल्डड्रिंकच्या पेट्या, एखादा कुत्रा, कधी लग्नाचा केक. सगळ्याचं वजन मांडल्याशिवाय ते जमीन सोडत नाही.

"म्हणजे एसटीच ना ती," आई फोनवर म्हणाली होती. "माणसं कमी न् पोती जास्त. एवढं शिकून काय करून राहिलीस तू बाई?"

बरोबरच होतं तिचं. दहा वर्षं मी मिशिगनला नोव्हायमध्ये गाड्यांच्या सीटचं डिझाइन करत होते. आमच्या कॉलनीत अर्धी माणसं पुण्याची, उरलेली नागपूर-मुंबईची. शनिवारी पॉटलक, रविवारी मुलांची मराठी शाळा. माझं लग्न टिकलं नाही, मूल नव्हतं, मग शनिवार-रविवारी करायचं काय? विमान चालवायला शिकले. सुरुवातीला छंद होता, मग खूळ झालं, आणि एक दिवस नोकरी सोडून मी इथे येऊन थडकले. काकू लोकांनी "डोकं फिरलंय हिचं" असा निकाल दिला. तो अजून कोणी बदललेला नाही.

इथे म्हणजे अलास्काच्या पश्चिमेला, नद्यांच्या मुखाशी. नकाशात बघाल तर जमीन कमी आणि पाणीच जास्त. रस्ता नाही. गाव ते गाव जायचं तर हिवाळ्यात बर्फावरून, उन्हाळ्यात होडीने, नाहीतर आमच्या विमानाने. पहिल्या दिवशी वरून ती तळी बघितली, हजारो, क्षितिजापर्यंत, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा, आणि माझ्या तोंडून मोठ्याने "अगं बाई" निघालं. शेजारी बसलेला चीफ पायलट हसला. त्याला शब्द कळला नव्हता, पण इथे नवीन येणारा प्रत्येकजण त्याच्या भाषेत हेच म्हणतो, असं त्याने नंतर सांगितलं.

मला पाचवं वर्ष चालू आहे. अजूनही रोज निदान एकदा ते तोंडातून निघतंच.

आता कामाची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आम्ही जातो त्या बऱ्याच गावांत हवामान मोजायचं यंत्र नाही. प्रत्येक गावात कंपनीचा एक एजंट असतो. गावातलाच माणूस. विमान आलं की फोर-व्हीलर, म्हणजे चार चाकांची उघडी मोटारसायकलच, घेऊन येतो, सामान उतरवतो, टपाल वाटतो. आणि सकाळी आठला आम्ही त्याला फोन करतो, तेव्हा बाहेर जाऊन बघतो आणि काय दिसतं ते सांगतो. बास. त्याच्या त्या दोन वाक्यांवर आम्ही माणसं भरून निघतो.

ज्या गावाची ही गोष्ट आहे, तिथली एजंट एक बाई होती. युपिक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, माझ्याच वयाची, चाळिशीच्या आसपासची. तिचा रिपोर्ट कायम तीन शब्दांचा असे. रनवेच्या टोकाला उभं राहिलं की जवळ दिसतात त्या तेलाच्या टाक्या. त्यांच्या मागे मैलभरावर दफनभूमीतले पांढरे क्रॉस. आणि त्याच्याही पलीकडे, तीन मैलांवर, एक टेकडी. "टाक्या. क्रॉस. टेकडी," असं ती म्हणाली की निघायचं. "टाक्या. क्रॉस. टेकडी नाही," म्हटलं की कॉफी घेऊन बसून राहायचं. तोवर ती याच्यापेक्षा जास्त बोललेली मला आठवत नव्हती.

बोलणं कमी हा इथला स्वभावच आहे. युपिक लोक 'हो' म्हणायला भुवया वर उचलतात, 'नाही' म्हणायला नाक किंचित आक्रसतात. सुरुवातीला मी एका आजींना पट्टा लावला का म्हणून चार वेळा विचारलं होतं. बिचाऱ्या चारही वेळा भुवया उचलून दमल्या. पाचव्यांदा विचारल्यावर मागची सगळी सीट हसली. आपण मान हलवतो ती हो की नाही, हे तरी गोऱ्यांना कुठे कळतं म्हणा.

तर दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. नदीवरचा बर्फ फुटायच्या बेतात होता. आमच्या ऑफिसात, म्हणजे हँगरला चिकटलेल्या एका खोलीत, एक आजोबा येऊन बसले. सोबत त्यांची धाकटी बहीण, हातात मण्यांचं भरतकाम. आजोबांना पोटात गाठ होती. आमचं ऑफिस आहे त्या गावातल्या हॉस्पिटलने करायचं ते सगळं केलं होतं आणि आता काही दिवसच आहेत असं स्पष्ट सांगितलं होतं. ते घरी निघाले होते. घर म्हणजे तेच टाक्या-क्रॉस-टेकडीवालं गाव, आणि ती एजंट त्यांची मुलगी. ती आदल्या दिवशी माझ्याच विमानाने पुढे गेली होती, घर तयार करायला.

"खिडकीपाशी पलंग लावते आहे," बहीण मला म्हणाली. "तिथून नदी दिसते, टेकडीपण. त्याला बर्फ जाताना बघायचाय. दर वर्षी तो त्याच खिडकीतून बघतो."

आजोबांनी भुवया उचलल्या. एवढंच त्यांना हवं होतं. चाळीस मिनिटांचं अंतर.

आणि समुद्रावरून धुकं आलं.

पहिल्या दिवशी आठ वाजता मी फोन लावला. आजोबांनी खूण करून मला फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि खुर्ची काउंटरजवळ ओढून घेतली. पलीकडे वाऱ्याचा आवाज. ती चालत बाहेर गेली असणार. मग तिचा आवाज आला, "टाक्या. क्रॉस नाहीत. टेकडी नाही."

मी आजोबांकडे बघितलं. माणूस मरायला टेकलाय, घरी जायचं म्हणतोय, आणि पोटची मुलगी 'नाही' म्हणतेय. म्हटलं आता चेहरा पडेल. त्यांनी भुवया उचलल्या. हो.

मला वाटलं नीट ऐकू आलं नसेल. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं, "आज जमणार नाही, आजोबा. धुकं आहे." त्यांनी पुन्हा भुवया उचलल्या, जरा वैतागूनच.

दुसऱ्या दिवशीही तेच. "टाक्या. क्रॉस नाहीत." भुवया वर. आजोबा आदल्या दिवसापेक्षा थोडे आणखी पिवळे दिसत होते, दुपारी बाकावरच झोपले. मी माझी रजई आणून त्यांच्या अंगावर टाकली. तिसऱ्या दिवशी, "टाक्याही अर्ध्याच." पुन्हा भुवया वर, आणि या वेळी मला चक्क समाधान दिसलं त्यांच्या तोंडावर. माझं डोकंच फिरलं. अहो, कसलं समाधान? मी आत जाऊन चीफपाशी बडबडले. म्हटलं, ही बाई दगडाची आहे का? बाप इथे संपत चाललाय आणि ती हवामान खात्यासारखी आकडे सांगतेय. थोडं रडू नाही, "प्लीज एकदा येऊन तर बघा" नाही!

चीफ साठीचा माणूस, कॉफीशिवाय तोंड न उघडणारा. म्हणाला, "तिने असं म्हटलं असतं तर तू गेली असतीस?"

मी गेलेच असते.

इथे मला माझ्या घरचं सांगायला हवं. आमच्याकडे फोन हा खरं सांगण्यासाठी नसतोच. परदेशात पोरं असलेल्या कुठल्याही घरात विचारा. आजारपण लपवायचं, पडझड लपवायची, "सगळं ठीक आहे, तू टेन्शन घेऊ नको" हे आधी म्हणायचं आणि मग जेवलीस का विचारायचं. पोरं काही कमी नसतात. नोकरी गेली तरी "काम खूप आहे गं" म्हणतात. मी स्वतः अलास्कात येऊन सात महिने झाले तरी बाबांच्या लेखी नोव्हायमध्येच होते. विमानातून उतरून, हातपाय गारठलेले असताना मी त्यांना ऑफिसच्या मीटिंगा रंगवून सांगायचे. फक्त आईला खरं माहीत होतं आणि तिने ते पोटात ठेवलं.

त्याच, म्हणजे माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात भावाचा फोन आला होता. "बाबा जरा थकलेत. अशक्तपणा. बाकी काही नाही." मी त्याला विचारलं, येऊ का? "छे गं, कशाला? उन्हाळ्यात ये निवांत." बाबा तेव्हा व्हेंटिलेटरवर होते. आठ दिवसांनी दुसऱ्याच कोणीतरी काकांनी चुकून खरं सांगितलं आणि मी निघाले. पोचले तेव्हा अंगणात चपला होत्या आणि घरात उदबत्तीचा वास. "तुला त्रास नको म्हणून," आई म्हणाली. मी तिच्यावर ओरडलेही नाही, कारण कुठल्या तोंडाने ओरडणार? बाबा गेले ते लेक गाड्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे असं समजून. मी विमान उडवते हे त्यांना कधी कळलंच नाही. वरून मी काय काय बघितलं, ती तळी, ती हरणांची रांग, तो गुलाबी बर्फ, ते सगळं त्यांना सांगायचं राहून गेलं. त्यांना आवडलं असतं हो. फार आवडलं असतं.

म्हणून मला पक्कं ठाऊक होतं की माया असली की माणूस फोनवर खोटं बोलतो. याला अपवाद मी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी आठ वाजता फोन लावला. आजोबांना आता सरळ बसवत नव्हतं, बहिणीने खांद्याने टेकू दिला होता. पलीकडे पावलं, वारा, आणि मागे कसलातरी मोठा करकर आवाज.

"टाक्या. क्रॉस. टेकडी," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच पुढे बोलली. "पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसते. नदी चालू झाली आहे, बर्फ निघाला. समुद्राकडे पांढरं आहे. दहाच्या पुढे टिकणार नाही. आत्ता या."

आजोबांच्या भुवया इतक्या वर गेल्या की कपाळावर सगळ्या आठ्या पडल्या.

आणि मी हलले नाही.

तिचा आवाज थरथरला होता. तो मी ऐकला, आणि मनात म्हटलं, झालं. चौथा दिवस आहे. बाप हातचा चाललाय. आज ही खोटं बोलणार, मीपण बोलले असते. आजूबाजूच्या चारही गावांतून धुक्याचेच रिपोर्ट होते. तिच्या गावात एक सरकारी कॅमेरा आहे, दर दहा मिनिटांनी फोटो पाठवतो, पण त्याच्या काचेवर दव होतं आणि फोटोत नुसतं राखाडी.

"नक्की?" मी विचारलं.

 असं तिला कोणी कधी विचारलंच नसावं.

"मी कॅमेरा साफ होईपर्यंत थांबते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्यात एक पाळलेली गोष्ट आहे. पायलट 'नको' म्हणाला की त्याला कोणी ढकलायचं नाही. मालक नाही, चीफ नाही, पॅसेंजर नाही. त्याच नियमामुळे आम्ही जिवंत आहोत. म्हणून चीफने मला काही म्हटलं नाही. कपात कॉफी ओतली आणि एवढंच बोलला, "तिने न दिसलेली टेकडी मला आजवर दाखवलेली नाही."

मी आजोबांकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून नाक आक्रसलं. हळूच. नाही.

दहा मिनिटांनी राखाडी. वीस मिनिटांनी राखाडी. मी स्क्रीनसमोर नखं खात उभी. बहिणीने मणी पिशवीत भरून ठेवले होते आणि ती नुसती दाराकडे बघत होती. सव्वानऊला काचेवरचा थेंब एका बाजूला ओघळला आणि त्या जागेतून टेकडी दिसली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, तिने सांगितली तशी. मला लाजेने घाम फुटला. "चला," मी ओरडले, आणि चीफने आजोबांना उचलूनच विमानात माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. त्यांचं वजन विचारायची माझी हिंमत झाली नाही. बहिणीने सांगितलं. आकडा लिहिताना माझा हात थांबला.

वर गेलो. आणि देवा, काय दिसलं ते! मी या नदीवरून शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी ती चालत होती. मैल न् मैल पांढऱ्या लाद्या, घराएवढ्या, एकमेकींवर चढत, आपटत, मध्येच फिरत, समुद्राकडे निघालेल्या. मधल्या फटींत काळं पाणी. दोन्ही काठांवर अख्खी झाडं मुळासकट वाहून लागलेली. आणि आमच्या खालून हंसबदकांचे थवे, एकामागून एक, दक्षिणेकडून परत आलेले. सहा महिने गावाच्या पावलांखाली जे घट्ट होतं ते सगळं निघालं होतं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, तरी मला ती गडगड छातीत जाणवली. मी आजोबांकडे बघितलं. ते काचेला कपाळ टेकवून खाली बघत होते. एक बोट काचेवर ठेवून नदीची वळणं मोजत होते. प्रत्येक वळणाला त्यांचे ओठ हलत होते, त्याला त्यांच्याकडे नाव असणार. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लँडिंगच्या आधी पायलटने रडू नये, म्हणून बाहीने पुसलं.

पुढे समुद्राच्या बाजूला धुक्याची भिंत उभी होती. सरळ, पांढरीशुभ्र, आणि ती सरकत होती.

पाच मैलांवरून मी रेडिओवर तिला हाक दिली. तिचा बाप माझ्या शेजारी होता, पाच मैलांवर. तिला आमच्या इंजिनाचा आवाजही ऐकू येत असणार. आणि ती म्हणाली, "टाक्या. क्रॉस. टेकडी गेली."

टेकडी गेली म्हणजे परत फिरा. नियम तिलाही ठाऊक, मलाही. एक शब्द गाळला असता तर कोणाला कळणार होतं? तिने गाळला नाही. हेडसेट आजोबांच्याही कानाला होता. त्यांनी ऐकलं, आणि डोळे मिटून भुवया उचलल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चार दिवस हा माणूस कशाला 'हो' म्हणत होता ते कळलं.

धुकं पश्चिमेकडून येत होतं आणि मी पूर्वेकडून. माझ्या बाजूने सगळा रनवे मला स्पष्ट दिसत होता, त्याच्या टोकाला तिची लाल फोर-व्हीलरसुद्धा. रनवे डोळ्यांना दिसत असला की उतरायचं की नाही हे पायलटच ठरवतो. "रनवे मला दिसतोय," मी म्हटलं, "उतरते आहे." चिखलात चाकं टेकली, खडी विमानाच्या पोटावर उडाली, थांबलो. मी इंजिन बंद करेपर्यंत क्रॉस गेले होते. सामान उतरेपर्यंत टाक्या.

तिने बापाला कसं उतरवून घेतलं ते मी सांगत नाही. ते त्यांचं आहे.

मला परत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने मला घरी नेलं. एक खोली, स्टोव्ह, भिंतीवर नातवंडांचे फोटो, आणि खिडकीला चिकटून पलंग. नवीन चादर. उशी अशी उंच केलेली की आडवं पडूनही बाहेर दिसावं. आजोबांना त्यावर ठेवलं. त्यांनी मान वळवली.

खिडकी पांढरी होती. नदी नाही, टेकडी नाही, दारातली होडीसुद्धा नाही. चार दिवसांत त्या खिडकीतून एकदाच बाहेरचं दिसलं होतं, जेमतेम दोन तास, आणि त्यातला एक मी कॅमेऱ्यासमोर नखं खाण्यात घालवला होता.

मुलीने काही न बोलता खिडकीचं दार ढकलून उघडलं. थंड हवा आली, आणि आवाज आला. बर्फ चालल्याचा. दळण दळल्यासारखी एकसारखी घरघर, मध्येच तोफेसारखा दणका, मग काचा फुटल्यासारखा किणकिणाट. त्यात वरून बदकांचं ओरडणं. माणसं येत होती, पलंगापाशी बसत होती, उठून जात होती. कोणी बोलत नव्हतं. सगळे ऐकत होते. मीही दाराशी चुलीजवळ बसून ऐकत होते.

बहीण माझ्याशेजारी येऊन बसली. तिने मला सांगितलं की एजंटचं काम आधी आजोबांचं होतं. तीस वर्षं. मुलगी लहान असताना तिला रनवेच्या टोकाला घेऊन जायचे आणि विचारायचे, काय दिसतं? दिसत नसलेलं बोलली की परत घरी पाठवायचे. "तिला म्हणायचा, ज्या दिवशी विमान फार हवं असेल त्या दिवशी दोनदा बघ," बहीण म्हणाली. "हे चार दिवस ती तिथेच उभी होती, शेजारी सांगत होते. जेवायलाही आली नाही."

मग चार वाजता आजोबा गेले. बर्फ वाजतच होता.

घरी ते सहा तास होते. सात असायला हवे होते.

संध्याकाळी, ऊन असावं पण धुक्यातून नुसता उजेड येत होता, ती बाहेर पायरीवर एकटी बसली होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. आपल्याकडे अशा वेळी काय बोलायचं ते सगळं ठरलेलं असतं, आणि त्यातलं काहीच मला बोलवेना.

"सकाळी मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, मुलगी आहेस, खोटं सांगत असशील. तो तास माझ्यामुळे गेला. त्यांना खिडकीतून नदी बघता आली असती."

ती माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले. मी वाट बघत होते. आमच्या घरात कोणीही लगेच म्हटलं असतं, असं कुठे काय गं, तू आणलंस हेच खूप, मनाला लावून घेऊ नको. माझे कान त्याचसाठी टवकारले होते, खोटं का बोलू?

तिने भुवया उचलल्या.

हो. तुझ्यामुळे गेला.

मग आत जाऊन तिने वाडग्यात बदकाचं सूप आणलं, माझ्या हातात दिलं, आणि मी संपवेपर्यंत शेजारी बसून राहिली. एवढ्या खरेपणाने माझ्याशी आयुष्यात कोणी वागलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. तिच्यासाठी, आजोबांसाठी, आणि दोन वर्षं उशिराने माझ्या बाबांसाठीही.

सकाळी तिच्या फोनवरून मी नागपूरला फोन लावला. आई म्हणाली, "कशी आहेस? ठीक ना?" मी म्हटलं, "नाही आई. ठीक नाही." आणि तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझंही गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात. तुला सांगणार नव्हतो आम्ही." मी म्हटलं, येते.

आठ वाजता ती रनवेच्या टोकाला गेली. घरात बाप निजवलेला, गावातली माणसं शवपेटीसाठी फळ्या कापत होती, तरी गेली. मी विमानापाशी उभी होते, टेकडीकडे पाठ करून.

"टाक्या," ती ओरडली. "क्रॉस. टेकडी नाही."

मी पंखावरचं दव पुसत बसले. एक तास गेला, दुसरा गेला. ती तिथेच उभी, माझ्या पाठीमागच्या टेकडीकडे तोंड करून, हात जॅकेटच्या खिशात. मग तिने मान वर केली, एकदा बघितलं, आणि थांबून पुन्हा एकदा बघितलं.

"टेकडी," ती म्हणाली.

मी मागे वळून बघितलं नाही. आत बसले आणि इंजिन सुरू केलं.